तडा बोलण्याआधी

हेमांगी बुधकर कराडच्या वाहन तपासणी केंद्राची प्रमुख झाली, त्याच्या पुढच्याच वर्षी गाड्यांचं ठरावीक मुदतीचं पासिंग बंद झालं. तोवर गाडी तपासायला कधी न्यायची हे तारीख ठरवत असे. तारीख आली की लोक एजंट शोधत, गाडी धुऊन पुसून उभी करत आणि शिक्का घेऊन जात. शिक्का मिळालेली गाडी पुढच्या वळणावर मोडली तरी कागद चोख असायचा. आता तपासणीची वेळ गाडी स्वतः सांगू लागली.

हे घडवून आणलं होतं चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, चिकटवलेल्या बोटभर रुंदीच्या एका पट्टीनं. सरकारी नाव श्रवणपट्टी; लोक तिला सरळ 'कान' म्हणत. कॉलेजची मुलं केंद्र बघायला आली की हेमांगी गॅसचा लायटर पेटवून दाखवायची. लायटरच्या आत एक खडा असतो, तो दाबला की वीज निर्माण होते आणि ठिणगी पडते. कानातही तसाच पदार्थ होता, पण इतका हळवा की लोखंडातून आलेल्या बारीकशा आवाजाचा दाबही त्याला पुरे. कारण लोखंड एका क्षणात तुटत नाही. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक ओझ्याखाली आतला तडा केसाहून कमी पुढे सरकतो, आणि सरकताना दर वेळी कट् असा आवाज करतो. माणसाला तो ऐकू येत नाही. कानाला येतो. रस्त्याच्या गोंगाटातून तेवढाच आवाज वेगळा काढायचा, तडा किती झपाट्यानं वाढतोय त्याचा हिशेब करायचा, आणि धोका ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की गाडीतला हिरवा दिवा केशरी करायचा. दिवा केशरी झाला की मालकाच्या फोनवर जवळचं तपासणी केंद्र आणि तिथं जायची वेळ येई. त्याच क्षणी ते गाडीच्या सरकारी नोंदीतही चढे, सगळ्यांना दिसेल असं.

पहिली काही वर्षं हेमांगीला या कामाचा अभिमान वाटला. एक्सल तुटून, स्टिअरिंग निखळून होणारे अपघात खरोखरच कमी झाले. मग एक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली. केशरी दिवा घेऊन केंद्रावर येणारा माणूस गाडीचा नवा मालक असायचा. दूध घालणारा, मंडप टाकणारा, शाळेची मुलं नेणारी बाई. गाडी घेऊन महिना-दोन महिने झालेले. आधीची कुणाची, असं विचारलं की उत्तर येई: एका वकिलांची, एका प्राचार्यांची, फार सज्जन माणूस, आणि दिवा तर हिरवाच होता. सुरुवातीला तिला तो योगायोग वाटला. नंतर तसं वाटेना, पण त्यावर विचार करायचंही तिनं टाळलं. दिवसाकाठी इतक्या गाड्या यायच्या, की टाळणं सोपं होतं.

तिचा नवरा श्रीरंग दातांचा डॉक्टर. शहरात त्याचं नाव होतं, हाताला गुण होता, बोलणं मऊ होतं. त्या वर्षी त्यानं नवी सात सीटची गाडी घेतली, हेमांगीच्या नावावर, कारण बाईच्या नावावर घेतली की कर कमी बसे. रविवारी सकाळी गाडीची पूजा झाली. मित्र जमले, पेढे वाटले गेले. वकील राजोपाध्ये नव्या सीटवर हात फिरवत म्हणाले, जुनीचं काय केलंत.

"गेली," श्रीरंग म्हणाला. "जालिंदर मोहिते म्हणून एक जण आहे, कोयनेकडून डायलिसिसचे पेशंट आणतो. त्याला हवीच होती."

"वेळेवर काढलीत."

"चाहूल लागली होती," श्रीरंग म्हणाला, आणि दोघंही हसले.

राजोपाध्यांनी मग बाजूला घेऊन विचारलं की ही चाहूल घ्यायची कशी, वर्गणी कुठं भरायची. श्रीरंगनं सगळं समजावून सांगितलं, आणि तेही हेमांगीच्या देखत. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. उलट ही बायकोच्याच खात्यातली गोष्ट, तिला ठाऊक असणारच, असं तो धरून चालला होता.

हेमांगीला ते ठाऊक नव्हतं. कानानं ऐकलेलं सगळं पहिल्यापासून पट्टी बनवणाऱ्या कंपनीकडे साठत होतं. तडा जन्माला आल्यापासून दिवा केशरी होईपर्यंत कित्येक आठवडे जात, कधी महिने. लोक उगाच घाबरू नयेत म्हणून कायद्यानं मुद्दाम सोडलेली ही मधली जागा होती. त्या काळात काय ऐकू आलं ते सरकारी नोंदीत जात नसे, मालकाच्या खाजगी मालमत्तेत मोडे. ते मालकाला कळवायची सेवा याच कंपनीनं काढली आणि तिचं नाव ठेवलं 'चाहूल'. जाहिरातीत म्हटलं होतं की वेळीच दुरुस्ती करा. वर्गणी भरणारे वेळीच विकत होते.

ती श्रीरंगला आत स्वयंपाकघरात घेऊन गेली. गाडीत काय निघालं होतं, असं तिनं विचारलं. चासी, तो म्हणाला, पुढं डावीकडं, सस्पेन्शन बसतं तिथं. चासीचा तडा म्हणजे गाडीचा शेवट, हे दोघांनाही माहीत होतं. तिथं वेल्डिंग केलं तर शेजारून पुन्हा तुटतं, म्हणून कायद्यानं ते बंदच होतं. केशरी व्हायला अजून दोनेक महिने आहेत, असं चाहूलवाल्यांनी कळवलं होतं.

"आणि तू त्याला काही सांगितलं नाहीस."

"काय सांगू? दिवा हिरवा होता. मी हिरव्या दिव्याची गाडी विकली, त्यानं हिरव्या दिव्याची घेतली."

"त्यात आजारी माणसं बसतात, श्रीरंग."

"मग केशरी झाला की तो तुझ्याच केंद्रावर येईल. त्यासाठीच तर तुम्ही तिथं बसला आहात." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळे हेच करतात, हेमांगी. तू उगाच त्रास करून घेऊ नकोस."

तिच्या तोंडात पेढा होता. तो तिला गिळता येईना. ती बेसिनपाशी गेली, थुंकली, चूळ भरली, तरी दुधाचा तो गोडसर चिकटपणा जिभेवरून हलेना. बाहेर राजोपाध्ये कुणाला तरी चाहूलचं स्पेलिंग सांगत होते.

'दोनेक महिने' हा आकडा त्या रात्री तिला छळत राहिला, कारण तो खोटा होता हे तिला कळत होतं. तो हिशेब श्रीरंगच्या चालवण्यावरून काढलेला होता. घर ते दवाखाना, गुळगुळीत रस्ता, गाडीत एकटा माणूस. जालिंदर गाडी भरून आणायचा, घाटमाथ्यावरच्या वाड्यांतून, जिथं रस्त्याला डांबर कमी आणि वळणं जास्त. तडा जितका मोठा होतो तितका पुढं वेगानं वाढतो. कान नवं ओझं ओळखून हिशेब बदलतो हे खरं, पण त्याला वेळ लागतो, आणि कोयनेच्या खोऱ्यात कित्येक मैल फोनला रेंज नसे. तिथं ऐकलेलं तो कराडात आल्यावर कंपनीला सांगायचा, आणि दिवा तिकडूनच बदलायचा. सांगण्याआधी तडा पूर्ण गेला, तर दिवा हिरवाच असताना गाडी दरीत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डायलिसिसच्या दवाखान्यापाशी गेली. आपली जुनी गाडी तिनं लांबूनच ओळखली. पुढं झेंडूची माळ होती, काचा लखलखीत पुसलेल्या होत्या. जालिंदर पस्तिशीचा असेल, बारीक चणीचा, एका म्हातारीला दंडाला धरून गाडीत चढवत होता. आधी दोन पेशंट आत बसले होते, मनगटांना पट्ट्या, चेहरे पिळून काढल्यासारखे.

हेमांगीनं केंद्राचं नाव सांगितलं आणि गाडी तपासायला चला म्हणाली. जालिंदरला त्यात काहीतरी काळंबेरं वाटलं. बोलावणं आलेलं नसताना तपासणीवाले स्वतः चालत येतात, असं कुणी कधी ऐकलंय. त्यानं दिव्याकडं बोट दाखवलं.

"हिरवा हाय की, मॅडम. कान बोलला की आणतो."

आत बसलेली म्हातारी म्हणाली की वळणावर डावीकडून खट् वाजतं, ती आठवडाभर सांगते आहे. जालिंदर हसला. आज्जींना सगळंच ऐकू येतं, म्हणाला. त्याच्या हसण्यात खोट नव्हती. त्यालाही तो आवाज आला असणार, हेमांगीला तशी खात्री वाटली. पण दिवा हिरवा असल्यावर स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवायची सवय आता कुणालाच उरली नव्हती.

तेव्हा तिनं त्याला चार पावलं बाजूला नेलं.

"ही गाडी माझ्या नवऱ्यानं तुम्हाला विकली," ती म्हणाली. "चासीला तडा जातोय हे त्याला आधी कळलं होतं. म्हणून विकली."

जालिंदरनं वळून गाडीकडं पाहिलं. रागावला असता तर हेमांगीला सोपं गेलं असतं.

"डॉक्टरांना ठाऊक होतं," तो म्हणाला. "माझ्या बायकोची दाढ काढली त्यांनी, व्यवहार ठरला त्याच आठवड्यात. फीच घेतली नाही. मी म्हणलं, केवढा देवमाणूस."

हे हेमांगीला माहीत नव्हतं.

केंद्राची जीप बोलावून पेशंटना घरी पाठवलं. जालिंदर आपली गाडी अगदी हळू चालवत केंद्रावर घेऊन आला, शेजारी हेमांगी. प्रत्येक गतिरोधकाला दोघंही श्वास रोखत होते, आणि तरी दिवा शांतपणे हिरवा होता.

गाडी रॅम्पवर चढली. कान नव्हते त्या काळातली एक साधी पद्धत केंद्रावर अजून जपून ठेवलेली होती. हेमांगीनं चासीवरचा चिखल धुतला, पत्रा घासून कोरडा केला, त्यावर लाल द्रव फवारला. तडा असेल तर तो द्रव आत शिरून बसतो. थोड्या वेळानं वरचा लाल पुसून घेतला आणि पांढऱ्या पावडरीचा थर दिला. पांढरं काही क्षण कोरं राहिलं. मग त्यावर एक तांबडा ठिपका उमटला, त्याची रेघ झाली, रेघ वर चढली आणि कडेवरून वळून पलीकडं गेली. सस्पेन्शनच्या जोडापाशी चासीचं लोखंड अर्ध्याहून जास्त चिरलं गेलेलं होतं.

जालिंदरनं त्या रेघेवर बोट ठेवलं. बोट लाल झालं. त्यानं ते पँटला पुसलं आणि हेमांगीच्या सहायकांकडं एकदा नजर टाकून, आवाज खाली आणून विचारलं.

"मॅडम, हे नोंदवायलाच पाहिजे का?"

तिला आधी कळलंच नाही.

"माझा मेव्हणा पाटणला गाडी मागतोय," तो म्हणाला. "भाजीपाला नेतो तो. माणसं बसत नाहीत त्याच्यात. दिवा अजून हिरवा हाय. चार दिवस थांबलात तर..."

"गाडी चालवायला तरी माणूस बसतो ना," हेमांगी म्हणाली.

"तुमच्या घरानं मला विकली. मग मीच कुणाला विकायची नाही का?"

आवाजात उद्धटपणा नव्हता, विनवणी होती, आणि त्यामुळंच ते ऐकवेना. शब्द वेगळे होते, पण स्वयंपाकघरात तिच्या खांद्यावर हात ठेवून श्रीरंग जे बोलला होता तेच हे होतं. तिला या माणसाची शिसारी आली. कालपासून तो तिला अन्याय झालेला गरीब वाटत होता. इथं निदान एक तरी स्वच्छ माणूस भेटेल म्हणून आपण आलो होतो, हे तिच्या लक्षात आलं, आणि मग तिला स्वतःचीच किळस आली. जालिंदरच्या पैशानं घेतलेल्या नव्या गाडीत रविवारी तीही बसली होती. चौकापर्यंत एक फेरी मारून आली होती, सीट मऊ आहेत म्हणाली होती.

तिनं नोंद केली. गाडीतला दिवा केशरी झाला, आणि निष्कर्ष चढवताच तांबडा, म्हणजे गाडी कायमची बंद. जालिंदर बाहेर जाऊन कुंपणाच्या कठड्यावर बसला आणि तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही.

ती घरी पोचायच्या आत श्रीरंगला सगळं कळलं होतं. तो ओरडला नाही. त्याचा तो स्वभावच नव्हता. तिनं आपल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलं, असं त्याचं म्हणणं होतं. कायदा मोडलेला नाही, कुणी मेलेलं नाही, आणि मोहिते काही दूधखुळा नाही, त्यानंही कुणाच्या तरी गळ्यात मारलीच असती.

"त्यानं तेच विचारलं," हेमांगी म्हणाली.

"बघ. मग?"

"मग काही नाही. आपली नवी गाडी मी त्याला देतेय. माझ्या नावावर आहे."

श्रीरंगला आधी ती चेष्टा वाटली. चेष्टा नाही हे कळल्यावर तो पहिल्यांदा जोरात बोलला. तो माणूस उद्या ती गाडी विकून मोकळा होईल, तुझी कदर करणार नाही, तुला वेडी म्हणेल.

"ती गाडी चांगली आहे," ती म्हणाली. "विकेना का."

तो सिंकपाशी जाऊन हात धुऊ लागला. काही खटकलं की तो हात धूत असे, बोटांच्या बेचक्यातून, नखांच्या खालून, डॉक्टरांच्या सवयीनं. हेमांगी दारात उभी राहून ते पाहत होती. साबणाचा वास घरभर पसरला. इतकी वर्षं तिला तो वास स्वच्छ वाटत आला होता.

गाडी नावावर करून देताना जालिंदरनं आभार मानले नाहीत. किल्ली घेतली, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं. त्याची बायको मात्र हेमांगीचा हात धरून उभी राहिली. जुनी गाडी हेमांगीच्या ताब्यात आली.

त्यानंतर केंद्रावर गर्दी वाढली. बोलावणं नसताना तिथल्या बाई गाडी तपासतात ही बातमी पसरली होती. हिरव्या दिव्याच्या गाड्या रांगेत उभ्या राहू लागल्या आणि हेमांगीला वाटलं, निदान लोक जागे तरी झाले. मग राजोपाध्ये आले. वहिनी म्हणून नमस्कार केला आणि आमचीही जरा बघून ठेवता का म्हणाले, विकावी असा विचार आहे, खराब असेल तर आत्ताच काढलेली बरी. त्यांच्या मागच्यानंही तेच विचारलं, जरा आडून. वर्गणी भरायच्या ऐवजी लोक तिच्याकडं चाहूल घ्यायला आले होते.

तिनं फाटकावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं की तपासणी फुकट आहे, पण जे सापडेल ते त्याच क्षणी नोंदीत जाईल. कुणी वाद घातला नाही. एकेक गाडी मागं वळली. जाताना कुणी तिच्याकडं पाहिलं नाही, राजोपाध्यांनी मात्र हात हलवला. शेवटी रांगेत दुधाच्या कॅन भरलेला एक टेम्पो तेवढा उरला. त्याच्या मालकाला तिचं बोलणं ऐकू आलं नसावं, असं तिला वाटलं. त्याला तिनं पुन्हा सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, मान हलवली आणि टेम्पो रॅम्पवर घेतला. टेम्पो निर्दोष निघाला.

जुनी गाडी तिनं भंगारात दिली. श्रीरंगनं त्याआधी एकदाच निरोप पाठवला होता, तेव्हा तो दवाखान्याच्या वरच्या खोलीत राहायला गेला होता. पार्ट घेणारा एक माणूस आहे, त्याला दे, असं त्याचं म्हणणं. ओगलेवाडीच्या बाजूला भंगाराचं एक मोठं आवार होतं, तिथं तिनं गाडी ओढून नेली आणि कापून होईपर्यंत उभी राहिली. भंगारवाला बडबड्या होता. लोक गाडी टाकतात आणि मागं न बघता जातात, ताई, तुम्ही पहिल्याच थांबलेल्या, असं तो म्हणत होता. तिला वाईट वाटतंय अशी त्याची समजूत झाली होती. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. हेमांगी थांबली होती ती त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून. त्याच्यावर नाही आणि आता कुणावरच नाही.

इंजिन निघालं, दारं निघाली, पत्रा दाबला गेला. काम संपलं असं वाटून ती रिक्षाकडं निघाली. फाटकापाशी तिनं सहज मागं पाहिलं, तर दोन माणसं चासीचा पुढचा भाग उचलून चांगल्या मालाच्या ढिगाकडं नेत होती.

ती परत गेली. हा कुठं चाललाय, तिनं विचारलं.

"ट्रॉलीला चालतो, ताई," भंगारवाला मोकळेपणानं म्हणाला. "उसाच्या. वेल्डिंग मारलं की कळत पण नाही."

चासीवर तिच्याच हातची पांढरी पावडर अजून होती. पावडरीत तांबडी रेघ होती, जालिंदरचं बोट लागून जरा पुसट झालेली. हेमांगीनं तो तुकडा खाली ठेवायला लावला. गॅसकटरवाल्याला बोलावलं आणि रेघेवरूनच कापायला सांगितलं. भंगारवाल्याचा चेहरा उतरला. मालाचं नुकसान होतं, म्हणाला. तिनं कटरवाल्याला हातानं खूण केली. कटरची ज्योत निळी झाली, लोखंड लाल झालं, वितळून टपकू लागलं, आणि जळक्या रंगाचा घाणेरडा धूर तिच्या तोंडावर आला. ती मागं सरकली नाही. तुकड्याचे दोन भाग होऊन जमिनीवर पडल्यावर तिनं आणखी एक काप दाखवला, मग आणखी एक, आणि उरलेलं कुणाच्याही कामाचं राहिलं नाही हे पायानं उलटून बघितल्यावरच ती तिथून निघाली.